तीन वेळचा महापौर

इस्लाव कितीही लवकर उठला तरी अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर त्याच्या आधी कुणीतरी येऊन बसलेलं असायचंच. कुणाचा बाप वारला म्हणून शवपेटी हवी असायची. कुणाच्या जावयाला दारू पिऊन भांडला म्हणून पोलिसांनी आत टाकलेलं असायचं. कुठल्याशा वाडीला बास्केटबॉलचे गणवेश हवे असायचे आणि त्यांच्या पाठीवर 'महापौर वेन्सेस्लाओ दालुम्पिनेस' असं छापायची त्यांची तयारी असायची. हिनाबान शहराचा हा महापौर, म्हणजे इस्लावच, तेव्हा घराच्या मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडापाशी, बनियन आणि अर्ध्या चड्डीत उभ्याउभ्या कॉफी पीत असायचा. खुर्ची ओढली तर आवाज होईल आणि पुढच्या लोकांना कळेल, म्हणून तो बसतही नसे.

मानांग तास त्याला तिथं बरोबर गाठायची. ती त्याची सेक्रेटरी. आधीच्या दोन महापौरांचीही तीच होती. वयानं मोठी म्हणून तो तिला मानांग, म्हणजे ताई म्हणायचा. ती त्याला चारचौघांत 'मेयर' म्हणायची आणि धुण्याच्या दगडापाशी 'तोतो', आपण पोराला बाळ्या म्हणतो तसं.

"तोतो, लपून काय होणार आहे? सगळ्यांना ठाऊक आहे तू इथं असतोस."

"एवढा घोट संपू दे, मानांग."

"शवपेटीवाली बाई उजाडायच्या आधीपासून बसलीय. तिचा बाप काही तुझ्या घोटासाठी थांबला नाही."

मग तो शर्ट चढवायचा, केसांवरून पाण्याचा हात फिरवायचा आणि पुढं यायचा. पुढं येताना तोंडावर हसू कसं आणायचं, हे त्याला आता आरशात बघावं लागत नव्हतं. ते आपोआप यायचं आणि दिवसभर तिथंच राहायचं. संध्याकाळी गाल दुखायचे.

त्याची महापौर म्हणून ही तिसरी खेप होती. सलग तीनदाच निवडून येता येतं, चौथ्यांदा कायद्यानं उभं राहता येत नाही. विरोधक म्हणायचे, म्हातारा दिवस मोजतोय. ते खोटं नव्हतं.

राजकारण त्याच्या घराण्यात नव्हतं. बाप होड्या बांधायचा आणि आई, बासिलिया, बाजारात मासे विकायची. हाँगकाँगला घरकाम करणाऱ्या मावशीनं त्याला इलोइलोला, मोठ्या शहरात, ठेवून दाताचा डॉक्टर केला. परत येऊन त्यानं बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खुर्ची टाकली. पण दात दुखणारी माणसं गल्लीपर्यंत यायची नाहीत, दात हलायला लागला की दोरा बांधून मोकळी व्हायची. म्हणून शनिवार-रविवारी तोच पेटी उचलून वाडीवाडीला जायला लागला. चर्चच्या ओट्यावर नाहीतर आंब्याखाली खुर्ची मांडायची, उकळत्या पाण्यात हत्यारं टाकायची आणि बसायचं. माणसं गाल धरून यायची आणि कापूस चावत, अर्ध्या तोंडानं हसत परत जायची. कुणी केळी ठेवायचं, कुणी सुक्या माशांची जुडी, कुणी काहीच नाही. त्या वर्षांत तो सुखी होता. अर्थात हे त्याला फार नंतर कळलं.

अशी आंब्याखालची रांग बघूनच खासदारसाहेबांच्या माणसांनी त्याला हेरला. आधी नगरसेवक केला. मग जुन्या महापौराची मुदत संपली आणि त्याचे दोन्ही मुलगे एकमेकांविरुद्ध उभे राहायला निघाले, तेव्हा साहेबांना असा एक माणूस हवा होता ज्याला शहरात कुणी शिव्या देत नाही. इस्लावनं तर निम्म्या शहराचे दात काढले होते.

त्याची बायको फेली प्राथमिक शाळेत शिकवायची. तिनं ऐकून घेतलं, हातातल्या वह्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "दात काढलास की माणूस उठून घरी जातो. ह्या धंद्यात कुणी उठून जाणार नाही, इस्लाव. एकदा खुर्चीत बसले की बसलेच."

"एकच खेप," तो म्हणाला.

पहिल्या खेपेला त्यानं खरंच काम केलं. टेकड्यांवरच्या वाड्यांना नळ गेले. बाजाराचं गटार झालं. त्याची आई ज्या चिखलात आयुष्यभर उभी राहिली तिथं फरशी आली. उद्घाटनाला म्हातारी बासिलिया आली, फरशीवर चप्पल घासून बघितली आणि म्हणाली, "पावसात पडतील सगळ्या." आणि दोघी पडल्याच. फरशी उखडून खडबडीत दुसरी बसवावी लागली.

दुसऱ्या खेपेपासून तो महापौर कमी आणि सगळ्यांचा निनोंग जास्त झाला. निनोंग म्हणजे धर्मपिता. बारसं असो, लग्न असो, आपल्या पोराच्या डोक्यावर महापौराचा हात हवा असं प्रत्येकाला वाटायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाताळात धर्माची लेकरं रांगेनं हाताला कपाळ लावायला यायची आणि त्यातली निम्मी कोण हे त्याला ठाऊक नसायचं. मयतांचं तर विचारूच नका. मढं आठवडाभर घरात ठेवायची पद्धत, त्यामुळं एकाच वेळी शहरात चार ठिकाणी मयत असायचं आणि चारी ठिकाणी त्याला जावं लागायचं. शवपेटीच्या काचेतून बघायचं, मान हलवायची, मायक्रोफोन हातात आला की मेलेला किती सज्जन होता ते सांगायचं, कॉफी आणि बिस्किट घ्यायचं, पुढच्या घरी जायचं. एकदा त्यानं एका घरात भलत्याच माणसाची स्तुती केली. घरच्यांनी काही म्हटलं नाही. म्हणाले, "मेयर दमलेत."

शहराच्या दक्षिणेला समुद्रात वाळूची एक जीभ गेलेली आहे, तिला पुंता म्हणतात. तिच्यावर तेव्हा कोळ्यांची वस्ती होती. बांबूची घरं, नारळाच्या झापांचं छप्पर, दारातच होडी. इस्लावच्या बापानं बांधलेल्या दोन-तीन होड्या तिथं अजून चालत होत्या. तिथलाच उर्सुलो, सगळ्यांचा सुलो, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची मुलगी रोविना ही इस्लावची पहिली धर्मकन्या, महापौर व्हायच्या कितीतरी आधीची. त्या नात्यानं दोघं एकमेकांना 'पारे' म्हणायचे, व्याही-व्याही म्हणतात तसं. सुलो त्याला कधीच मेयर म्हणाला नाही.

तिसरी खेप सुरू झाली त्या वर्षी हवामान खात्यानं वादळाचा इशारा दिला. इस्लावनं पुंता रिकामी केली. लोक दोन दिवस शाळेत, बाकांवर झोपले. वादळ उत्तरेला वळलं. परत जाऊन बघतात तर कोंबड्या नाहीत, एकाच्या होडीचं इंजिन चोरीला गेलेलं. दोन महिन्यांनी पुन्हा इशारा, पुन्हा शाळा, पुन्हा स्वच्छ ऊन. ह्या वेळी सुलोचं डुक्कर गेलं.

त्यानंतर इस्लाव बाजारात दिसला की पुंतावाल्या बायका टोपल्यांमागून ओरडायच्या, "मेयर, तो बघा ढग! सामान बांधू का?"

"मेयर, मला शिंक आली. शाळा उघडायला सांगा!"

तो हसायचा. हसू तर तोंडावर होतंच. पण घरी आल्यावर फेलीला म्हणाला, "पुढच्या वेळी येऊ दे नाहीतर जाऊ दे. मी नाही सांगणार."

"सांगशील," फेली म्हणाली.

तिसरा इशारा आला तेव्हा आभाळ निळं होतं आणि समुद्र तेलासारखा सपाट. ट्रक गेले आणि रिकामे परत आले. पोलिसांचा प्रमुख म्हणाला, उचलून आणू का? इस्लाव म्हणाला थांबा, आणि स्वतः गेला. रागानं नाही, उत्साहानंही नाही. आदल्या दिवशी तीन मयतं झाली होती, गुडघे सुजले होते, आणि पुंतेच्या वाळूत बूट रुतत होते.

सुलो छपरावर बसून दोरानं झापं आवळत होता. खाली नवी डुकरीण खुंटाला बांधलेली, व्यायला आलेली.

"पारे, उतर खाली," इस्लाव म्हणाला.

"का? तुझी शाळा रिकामी पडलीय?"

"ह्या वेळी मोठं आहे."

"गेल्या वेळीही मोठंच होतं. माझं डुक्कर घेऊन गेलं. फार हुशार वादळ होतं, नेमकं डुक्कर उचललं!"

आजूबाजूचे हसले. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. सुलो काय करतो तेच सगळे करणार, हे इस्लावला माहीत होतं. त्यानं भाषण मनात जुळवून आणलं होतं, ते आठवेना. तो सुलोच्या घरात शिरला, बांबूच्या बाकावर बसला आणि बूट काढले.

"काय करतोयस?" सुलोनं वरून विचारलं.

"बसतोय. पाय दुखतात."

"मग बस. कॉफी हवी तर चुलीवर आहे."

"उद्या सकाळपर्यंत बसेन म्हणतो. तू इथं, तर मी इथं. मला आता गाडीपर्यंत चालत जायचा कंटाळा आलाय, खरंच सांगतो."

सुलोनं हातातली गाठ आवळून पुरी केली. मग छपरावरून खाली आला, दारात उभा राहून त्याच्याकडे बघत राहिला. इस्लावनं डोळे मिटले होते. तो सोंग करत नव्हता, खरोखरच डुलकी लागत होती.

"ऊठ," सुलो म्हणाला. "तुझं मढं माझ्या घरात सापडलं तर फेली मला समुद्रातून ओढून काढून पुन्हा मारेल. येतो मी. पण डुकरीण आली पाहिजे."

"ट्रकमध्ये घाल."

"ट्रकमध्ये धक्के बसतात. पोटात पिल्लं आहेत तिच्या. तुझ्या गाडीत घालू."

अशा रीतीनं हिनाबानच्या महापौराच्या पांढऱ्या सरकारी गाडीच्या मागच्या सीटवर, खाली ताडपत्री टाकून, डुकरीण बसली आणि तिच्या शेजारी सुलो. इस्लाव पुढं. ड्रायव्हरनं काचा खाली केल्या. वाटेत बायका टाळ्या वाजवत होत्या, "मेयरची नवी सेक्रेटरी बघा!" पण हसता हसता त्यांनी भांडी आणि पोरं गोळा केली आणि ट्रकमध्ये चढल्या. संध्याकाळपर्यंत पुंतेवर कुत्रीसुद्धा उरली नाहीत.

वादळ पहाटे आलं. शाळेच्या पत्र्याचा एक भाग उडाला, बाकांखाली दबून बसलेली पोरं रडत होती, आल्याची गरम पेज वाटायला काढली तर तिच्यात पावसाचं पाणी पडत होतं. उजाडल्यावर इस्लाव, सुलो आणि पोलिसांचा प्रमुख पुंतेकडं गेले. रस्ता संपतो तिथून पुढं वाळू होती, नुसती वाळू, धुऊन ठेवल्यासारखी. घरं नव्हती, विहिरीचा कठडा नव्हता, चर्चचा क्रूस नव्हता. एक होडी नारळाच्या शेंड्याला अडकलेली होती. एवढ्या वस्तीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं.

सुलो वाळूत उकिडवा बसला. म्हणाला, "पारे, आमचं घर नक्की कुठं होतं रे?"

दोघांनाही ती जागा दाखवता येईना.

महिनाभर इस्लावचं फार कौतुक झालं. राजधानीतून माणसं आली, त्याला मानचिन्ह दिलं, फोटो काढले. आणि मग त्यानं आदेश काढला की पुंतेवर पुन्हा घर बांधायचं नाही. टेकडीवर सरकारी जागा होती, तिथं सिमेंटच्या ठोकळ्यांची छोटी घरं उभी राहिली. जागा कोरडी होती, भक्कम होती, आणि तिथून समुद्र नुसता दिसायचा.

कोळ्याला दिसणाऱ्या समुद्राचं काय करायचं? होडी खाली किनाऱ्यावर, इंजिन तिथं ठेवलं तर चोरीला जाणार, म्हणून ते खांद्यावर घेऊन उतरायचं आणि खांद्यावर घेऊन चढायचं. बायकांची टोपली बाजारात पोचेपर्यंत मासे मऊ पडायचे. तरुण पोरं ट्रायसिकल, म्हणजे भाड्याची तीनचाकी, चालवायला लागली, मुली दुबईला गेल्या. वर्षभरात ज्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्याच बाजारात तोंड फिरवायला लागल्या. टोमणेसुद्धा मारेनात. टोमण्यांची त्याला सवय होती. तोंड फिरवणं जड गेलं.

सुलो एकदा अंगणात आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर, शवपेटीवाल्यांच्या आणि औषधवाल्यांच्या रांगेत बसला. त्याची पाळी आली तेव्हा इस्लाव म्हणाला, "पारे, तू रांगेत कशाला?"

"मागायला आलोय, म्हणून रांगेत. पुंता परत दे."

"बुडशील."

"बुडेन ना! केव्हातरी बुडेन. वरती मी रोज थोडाथोडा मरतोय. हा खांदा बघ."

खांद्यावर इंजिनानं घट्टा पडला होता. इस्लावनं बघितला. त्याला दाताच्या खुर्चीवरची माणसं आठवली, आणि ह्या माणसाच्या दुखण्याला आपल्याजवळ काहीच हत्यार नाही असं वाटलं. "रस्ता करून देतो," तो म्हणाला. "टेकडीपासून किनाऱ्यापर्यंत. गाडी जाईल असा."

"कधी?"

"ह्याच खेपेत."

रस्ता झाला नाही. मंजुरी प्रांताच्या कचेरीत अडकली, मग निवडणुकीचं वर्ष आलं.

आणि निवडणुकीच्या वर्षी खासदारसाहेब जेवायला आले. फेलीनं खास खेकडे केले होते. साहेबांनी खेकड्याची नांगी फोडत सांगितलं, तुझी मुदत संपली तरी घरात खुर्ची राहू शकते. फेली उभी राहील. बाईमाणूस, शिक्षिका, लोक डोळे मिटून मत देतील. कामकाज तूच बघ. सगळीकडे असंच चालतं.

"आणि हो," साहेब बोटं पुसत म्हणाले, "पुंतेवर एक हॉटेल यायचं म्हणतंय. मोठी माणसं आहेत. खांब घालून पक्कं बांधतील. तुझा तो आदेश तेवढा बघावा लागेल."

इस्लावचं हसू पहिल्यांदा तोंडावरून उतरलं. म्हणाला, "साहेब, मी तिथून माणसं उठवली ती समुद्राच्या भीतीनं."

"तेच ना. उठवलीस, फार बरं केलंस. नाहीतर कुणाला उठवता आली असती?"

फेली भाताचं भांडं घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मग तिनं भांडं टेबलावर ठेवलं.

"साहेब, मी उभी राहणार नाही," ती म्हणाली. "मला तिसरी-चौथीचे वर्ग आहेत."

"तुम्ही विचार करा, मिसेस. घाई नाही."

"विचार मी हे पहिल्यांदा उभे राहिले तेव्हाच करून ठेवलाय. भात घ्या."

साहेबांनी भात घेतला, गोड बोलले, गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरा माणूस उभा केला, एका कंत्राटदाराचा मुलगा, आणि तो निवडून आला. नव्या नगरपालिकेनं पहिल्या तीन महिन्यांतच इस्लावचा आदेश मागं घेतला. पुंतेवर तारेचं कुंपण पडलं. आत कोळ्यांना मज्जाव, मासे वाळवायलासुद्धा.

शहरात जो तो म्हणायला लागला की म्हातारा सामील होता. वादळ हे निमित्त, आधीपासून ठरलेलं होतं. असं कसं म्हणतात हे, मानांग तासनं बाजारात भांडून विचारलं. चौथ्या महापौराकडे तिनं नोकरीही केली नाही. इस्लावनं कुणाशी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर त्याच्या अंगात तेवढं त्राण उरलं नव्हतं. त्यानं बाजारामागच्या गल्लीतलं कुलूप उघडलं, खुर्ची पुसली, दोन-तीन दात काढले. पण हात थरथरायला लागला होता. एका मुलीची हिरडी फाटली, तेव्हापासून ते बंद केलं. उरलं फक्त अंगण. तिथं सकाळी अजून दोघं-तिघं येऊन बसायची, ज्यांना दुसरं कुठं जायचं ते कळत नव्हतं ती. तो त्यांच्याबरोबर बसायचा. देण्यासारखं काही नसायचं, कॉफी असायची.

पावसाळा संपताना निरोप आला की सुलो गेला. किनाऱ्यावरून चढताना वाटेत बसला, इंजिन खांद्यावरून उतरवून नीट बाजूला ठेवलं, आणि उठलाच नाही.

इस्लाव दुपारी टेकडीवर गेला. ट्रायसिकलनं गेला, आता गाडी नव्हती. वसाहतीतल्या सिमेंटच्या छोट्या घरात शवपेटी मावत नव्हती म्हणून बाहेर ताडपत्रीच्या मांडवात ठेवली होती. तो येताना दिसला तशी बोलणी थांबली. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते पालथे धरले. त्यानं काचेतून बघितलं. सुलोला पांढरा शर्ट घातला होता. तो त्याला शोभत नव्हता.

रोविना दुबईहून आली होती. तिनं येऊन त्याचा हात घेऊन कपाळाला लावला, सवयीनं, आणि मग हात सोडलाच नाही.

"निनोंग, एक विचारते. खरं सांगा. हॉटेलचं तुम्हाला आधी माहीत होतं?"

"नाही, पोरी."

"लोक म्हणतात होतं."

"म्हणतात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "बा म्हणायचे, त्याला नसणारच माहीत. त्याला दात सोडून कशातलं काय कळतं?"

मांडवात कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं. इस्लावही हसला. ते नेहमीचं हसू नव्हतं. त्यानं मोकळ्या हाताच्या मनगटानं डोळे पुसले.

"रागावला होता का माझ्यावर?" त्यानं विचारलं.

"फार," रोविना म्हणाली. "शेवटपर्यंत. मीही आहे. बसा ना. कॉफी आणते."

मायक्रोफोन कुणी त्याच्याकडे दिला नाही. पाद्र्यानं प्रार्थना सांगितली, बायकांनी मागून म्हटली. पत्तेवाल्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग त्यांच्यातल्या एकानं पायानं खुर्ची सरकवून दिली. इस्लाव बसला. त्यालाही पानं वाटली. त्यानं एक डाव खेळला, दुसऱ्यात भलतंच पान टाकलं, तिसऱ्यात हातातले पत्ते छातीशी धरूनच त्याची मान खाली गेली.

रोविना कॉफी घेऊन आली तेव्हा तो घोरत होता. तोंड किंचित उघडं होतं.

"उठवू का?" पत्तेवाल्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "असू दे." कॉफी तिनंच घेतली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून प्यायली. खाली उन्हात समुद्र चमकत होता, आणि पुंतेकडून खांब ठोकणाऱ्या यंत्राचा ठोका थांबून थांबून वर येत होता.